ताक प्रांत: मॅ सॉत एकीकडे, राजधानी दुसरीकडे, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: थायलंड-म्यानमार सीमेच्या बातम्यांत सतत मॅ सॉत या सीमेवरच्या गावाचं नाव येतं, पण त्या नावाचा प्रांत नकाशात सापडत नाही. सापडतो तो ताक, आणि त्याचं मुख्य ठाणं सीमेपासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर आत आहे. मग हा प्रांत आहे तरी कसा, सीमा कशी ठरली, कारभार कोण चालवतं आणि तिकडे जाणाऱ्याने काय लक्षात ठेवावं?

प्रांताचा नकाशा समोर घ्या आणि तालुक्यांच्या रेषा घटकाभर विसरा. आधी पाणी कुठे वाहतं ते पाहा. ताक कागदावर एक प्रांत असला तरी त्याचं पाणी तीन वेगळ्या वाटांनी जातं. इतिहास, व्यापार, पोलिसांची नाकी, राजधानीचा घोळ, हे सगळं या तीन पाणलोटांवरून उलगडतं.

पहिला पाणलोट पूर्वेचा, पिंग नदीचा. पिंग चियांग माईकडून येते, ताक शहराला लागून दक्षिणेला जाते, नखॉन सावनपाशी नान नदीला मिळते आणि तिथून पुढे चाओ फ्राया या नावाने बँकॉकला पोहोचते. दुसरा पश्चिमेचा, मोई नदीचा. मोईला म्यानमारमध्ये थाउंगयिन म्हणतात. ती फोप फ्रा तालुक्यात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन सालवीन नदीला मिळते. आजूबाजूच्या बहुतेक मोठ्या नद्या दक्षिणेला जात असताना ही उलटी का वाहते, असं नकाशा पाहणाऱ्याला हमखास वाटतं. तिचं पाणी शेवटी म्यानमारमधल्या मॉलमाइन बंदराजवळ अंदमानच्या बाजूला समुद्राला मिळतं. मोईच सुमारे ३२७ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात दोन देशांची हद्द बनून वाहते. तिसरा पाणलोट दक्षिणेचा, उम्फांगचा. तिथलं पाणी मोईलाही जात नाही आणि पिंगलाही नाही. ते खाली कांचनबुरीत क्वे याई होऊन उतरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या रेल्वेपुलामुळे जगाला माहीत झालेली नदी ती हीच.

पिंग आणि मोई यांच्यामध्ये थनॉन थॉंग चाय ही डोंगररांग उभी आहे. नैऋत्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून येतात, आधी म्यानमारच्या दॉना डोंगरावर आणि मग या रांगेवर पाणी टाकतात. त्यामुळे मॅ सॉत, था सॉंग यांग, उम्फांग हिरवेगार, आणि रांगेपलीकडचं ताक शहर पर्जन्यछायेत तापलेलं. एप्रिल २०२३ मध्ये ताकला ४५.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो थायलंडचा उच्चांक ठरला. घाटाच्या दोन अंगांना दोन वेगळी हवामानं म्हणजे काय, हे सह्याद्रीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. प्रांताचं क्षेत्रफळ सुमारे १६,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याहून किंचित मोठं. नोंदलेली लोकसंख्या मात्र सात लाखांच्या आत-बाहेर. बहुतेक जमीन डोंगर आणि जंगल. एकटा उम्फांग तालुका ४,३०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि क्षेत्रफळात थायलंडच्या सगळ्या तालुक्यांत पहिला. प्रांताला नऊ थाई प्रांतांची हद्द लागते आणि पश्चिमेला म्यानमारचं कायिन राज्य. एक गोष्ट आकडेवारी काढणाऱ्यांना नेहमी फसवते: हवामान खातं ताकला उत्तर थायलंडमध्ये धरतं, तर भूगोलाच्या सहा विभागांच्या पद्धतीत तो पश्चिम विभागात जातो. दोन तक्त्यांमधले 'उत्तर विभागा'चे आकडे जुळत नसतील तर आधी ताक कुठे धरला आहे ते तपासा.

नावांबद्दलही सांगायला हवं, कारण रोमन लिपीवरून मराठीत आणताना त्यांची फार मोडतोड होते. थाईत त आणि थ, प आणि फ हे आपल्यासारखेच वेगळे आहेत, आणि रोमन लिपीत 'थ' व 'फ' म्हणून लिहिलेलं इंग्रजीसारखं वाचायचं नसतं. 'फोप फ्रा'मधला फ हा 'फळ'मधला फ, ओठ मिटून म्हणायचा. 'मॅ सॉत'मधला 'मॅ' बरोबर ॲकाराचाच आहे, 'मे' किंवा 'माई' नाही. तो स्वर देवनागरीत जसाच्या तसा लिहिता येतो. 'मॅ'चा अर्थ आई. नदीला थाईत 'मॅ नाम' म्हणतात, शब्दशः आई-पाणी. कृष्णामाई म्हणणाऱ्यांना हे चटकन पटेल. म्हणूनच उत्तर थायलंडमध्ये 'मॅ'ने सुरू होणारं गाव दिसलं की ते बहुधा एखाद्या ओढ्याच्या किंवा नदीच्या नावावरून असतं.

नऊ तालुके असे. डोंगराच्या पूर्वेला मुआंग ताक, बान ताक, साम ङाव आणि वांग चाव. पश्चिमेला मॅ सॉत, मॅ रमात, था सॉंग यांग, फोप फ्रा आणि उम्फांग. सीमा फक्त या पाच पश्चिमेकडच्या तालुक्यांना लागते.

पूर्व भागातली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे साम ङाव तालुक्यातलं भूमिबोल धरण. ते १९६४ साली पुरं झालं, १५४ मीटर उंच, काँक्रीटचं, कमानीच्या आकाराचं. जलाशयाची क्षमता सुमारे १३.४६ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास ४७५ टीएमसी, कोयनेच्या शिवसागराच्या सुमारे साडेचार पट. पूर्वी चियांग माईहून ताकला बोटीने यायचं तर वाटेत खळाळांची लांब रांग पार करावी लागे. ती सगळी या जलाशयाखाली गेली. बँकॉकला पूर येणार की नाही याचा एक हिशेब इथे होतो. २०११ च्या महापुरात पावसाळ्याच्या शेवटी धरण भरत आलं आणि खाली आधीच पूर असताना पाणी सोडावं लागलं, त्यावर देशभर वाद झाला. सीमाप्रांत म्हणून ओळखला जाणारा ताक बँकॉकच्या नळाशी असा बांधलेला आहे, हे बातम्यांत क्वचित येतं.

पाण्याची वाट किती निर्णायक होती हे सागवानाच्या धंद्यात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. ओलं सागवान पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती सालीचा आणि बाहेरच्या लाकडाचा पट्टा गोल कापून झाड उभं मारायचे आणि साधारण दोन वर्षं तसंच वाळू द्यायचे. मग ते तोडायचं, ओंडक्याच्या तोंडावर मालकाच्या हातोड्याचा छाप मारायचा, हत्तीने ओढून कोरड्या ओढ्यात टाकायचं आणि पुराची वाट पाहायची. पूर कमी आला तर ओंडका तिथेच वर्षभर अडकायचा. जंगलातून गिरणीपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षं लागत. आता गंमत पाहा, एकाच डोंगराच्या पूर्व उतारावरचा ओंडका पिंगमधून पाकनाम फोला, म्हणजे आजच्या नखॉन सावनला जाऊन बँकॉकचा माल व्हायचा, आणि पश्चिम उतारावरचा मोई-सालवीनमधून मॉलमाइनजवळच्या काडो इथल्या जकात ठाण्यावर निघायचा, म्हणजे ब्रिटिशांचा माल. या धंद्यातली एक मोठी कंपनी, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ साली मुंबईत स्थापन झाली होती आणि सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, जंगलांतही तिचे ठेके होते.

आता इतिहास. सुखोथाईचा राजा रामखामहेंग याचा म्हणून ओळखला जाणारा १२९२ चा शिलालेख सांगतो की मुआंग चॉतचा अधिपती खुन साम चोन याने मुआंग ताकवर चाल केली आणि तरुण राजपुत्राने, म्हणजे पुढे राजा झालेल्या रामखामहेंगने, हत्तीवरून लढून त्याला हरवलं. चॉत म्हणजे आजच्या मॅ सॉतचा परिसर असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. या शिलालेखाच्या अस्सलपणावर काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, तेवढं लक्षात ठेवून तो वाचावा. तरी डोंगराच्या अलीकडचं ठाणं ताक आणि पलीकडचं चॉत, ही जोडी त्यात दिसतेच.

त्या काळचं ताक म्हणजे आजच्या शहराच्या वीसेक किलोमीटर उत्तरेला असलेलं बान ताक. ठाणं नंतर खाली सरकलं, आधी पिंगच्या पश्चिम काठावर, आणि बँकॉकच्या राजवटीच्या सुरुवातीच्या काळात पूर्व काठावरच्या राहॅंग इथे. कारण सरळ होतं: बर्मी फौज पश्चिमेकडून यायची, तेव्हा नदी पाठीशी नको, समोर खंदकासारखी हवी. जुन्या इंग्रजी नकाशांत आणि पत्रव्यवहारात 'राहेंग' दिसलं तर ते आजचं ताक शहर समजा. ही गल्लत फार जण करतात आणि राहेंग नावाचं वेगळं गाव शोधत बसतात.

बर्मी फौजा ज्या खिंडीतून येत ती मॅ लमाव. १७७५-७६ ची मोठी स्वारी तिथूनच उतरली आणि फित्सानुलोकपर्यंत गेली. त्या वेळी सयामच्या गादीवर होता ताकसिन, आणि त्याचं नावच या प्रांताचं आहे. त्याचं मूळ नाव सिन. तो ताकचा सुभेदार होता, म्हणून ताक-सिन. १७६७ मध्ये सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्या बर्मी फौजेने जाळल्यावर त्याने राज्य पुन्हा उभं केलं. ताक शहरात त्याचं देऊळ आहे आणि तिथे आजही रोज नमस्काराला माणसं येतात.

त्याच खिंडीजवळून आजचा १२ क्रमांकाचा महामार्ग जातो. ताकहून मॅ सॉत या रस्त्याने सुमारे ८६ किलोमीटर. घाटात चाओ फो फावो यांचं ठाणं लागतं. नरेसुआन राजाच्या काळात ही खिंड राखणारा, इथल्या डोंगरातल्या कारेन जमातीचा योद्धा अशी त्यांची ख्याती. तिथून जाणारा प्रत्येक ट्रकवाला तीनदा हॉर्न वाजवतो, नवस फेडणारे फटाक्यांच्या माळा लावतात. घाटातल्या देवाला नारळ फोडून पुढे जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हरला तिथे परकं वाटणार नाही.

सीमा कशी ठरली? पहिल्या इंग्रज-बर्मी युद्धानंतर १८२६ च्या यांदाबोच्या तहाने तेनासेरीम, म्हणजे आजच्या म्यानमारचा दक्षिण किनारपट्टा, ब्रिटिशांकडे गेलं आणि मॉलमाइन त्यांचं ठाणं झालं. आता मोईच्या पलीकडे बर्मी राजा नव्हता, कलकत्त्याचं सरकार होतं. फेब्रुवारी १८६८ मध्ये बँकॉकला जो करार झाला तो सयामचा राजा आणि भारताचा गव्हर्नर जनरल यांच्यात. त्यात सालवीन आणि पुढे थाउंगयिन, म्हणजे मोई, ही हद्द ठरली. तेव्हा ताकची पश्चिम सीमा ही एके काळी अक्षरशः ब्रिटिश हिंदुस्थानची पूर्व सीमा होती. या कराराचे कागद शोधायचे तर बर्माच्या आधी भारताच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरात पाहावं.

नदीची हद्द कागदावर सोपी, जमिनीवर त्रासाची. मोई उथळ आहे. उन्हाळ्यात काही ठिकाणी माणूस कमरेइतक्या पाण्यातून चालत जातो. पावसाळ्यात ती काठ खाते, वाळूची बेटं इकडची तिकडे करते. मग ते बेट कोणाचं, भराव कोणी टाकला, यावर दोन देश भांडतात. पहिल्या मैत्री पुलाचं बांधकाम याच कारणाने १९९५ मध्ये थांबलं आणि पूल १९९७ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला.

एक तारीख भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी: जानेवारी १९४२. जपानी ५५ वी डिव्हिजन ताक-मॅ सॉतच्या वाटेने मोई ओलांडून कॉकरेकच्या घाटाकडे गेली. समोर १६ वी भारतीय ब्रिगेड होती. ती मागे हटली आणि ३१ जानेवारीला मॉलमाइन पडलं.

कारभाराकडे वळतो, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथे होतात. राजा चुलालोंगकोर्नच्या काळात, १८९२ नंतर, राजपुत्र दामरोंग यांच्या गृहमंत्रालयाने वंशपरंपरागत सुभेदार काढून पगारी अधिकारी नेमायला सुरुवात केली. अनेक प्रांत मिळून एक 'मोनथोन' असे. ताक नखॉन सावन मोनथोनमध्ये होता. म्हणजे इथेही पिंगच्या पाण्यानेच ठरलं, फाइल नदीच्या वाटेने खाली गेली. १९३२ च्या क्रांतीनंतर मोनथोन बंद झाले आणि प्रांत, थाईत 'चांगवात', हे थेट बँकॉकशी बांधलेलं एकक झालं.

आज दोन साखळ्या एकमेकींशेजारी चालतात. पहिली नेमणुकीची: गृहमंत्रालय प्रांताचा गव्हर्नर नेमतं, त्याच्याखाली तालुक्याला, म्हणजे 'आम्फो'ला, 'नाय आम्फो', त्याच्याखाली 'तांबोन'चा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, 'कामनान' आणि गावचा 'फूयायबान'. गव्हर्नर आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा समजा, राज्यपालासारखा नव्हे. मराठी बातम्यांत 'ताकचे राज्यपाल' असं छापून येतं, ते चूक आहे. कामनान आणि फूयायबान गावकरी निवडतात, पण पगार आणि हुकूम गृहमंत्रालयाच्या साखळीतून येतो. जुन्या पाटलाची आठवण यावी असंच ते पद. दुसरी साखळी निवडून आलेल्यांची: प्रांताचं प्रशासन मंडळ, नगरपालिका आणि तांबोनची मंडळं. रस्त्यावरचा कचरा, नळ, अंगणवाडी हे दुसऱ्या साखळीचं काम. ओळखपत्र, जमीन, परदेशी माणसाची नोंद हे पहिलीचं. चुकीच्या दारात गेलात तर अर्ज परत येतो, आणि समोरचा बरोबर दार सांगेलच असं नाही.

नगरपालिकांचे तीन दर्जे आहेत: तांबोन, मुआंग आणि नखॉन. इथे ताकचं वेगळेपण दिसतं. राजधानी ताकची नगरपालिका मधल्या, मुआंग दर्जाची. सीमेवरच्या मॅ सॉतची वरच्या, नखॉन दर्जाची. तालुक्याचं गाव राजधानीपेक्षा मोठं आणि श्रीमंत झालं आहे, तरी गव्हर्नर बसतो डोंगरापलीकडे. म्हणूनच पश्चिमेचे तालुके वेगळे काढून मॅ सॉत प्रांत करा, ही मागणी कित्येक वर्षं आहे. नवा प्रांत करायला संसदेचा कायदा लागतो. शेवटचा नवा प्रांत २०११ मध्ये ईशान्येला झाला, बुएंग कान. माझ्या मते मॅ सॉतची मागणी भूगोलाच्या हिशेबाने रास्त आहे. प्रत्येक मोठ्या सहीसाठी घाट ओलांडायला लावणं हा कारभार नाही, अडवणूक आहे.

कागद वाचताना उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी इथेच सांगतो. ताकचा सांकेतिक क्रमांक ६३. मॅ सॉत ६३०६, फोप फ्रा ६३०७, उम्फांग ६३०८. थाई ओळखपत्राचा क्रमांक तेरा अंकी असतो. पहिला अंक माणसाचा प्रकार सांगतो, पुढचे चार पहिली नोंद कोणत्या तालुक्यात झाली ते. त्यामुळे १-६३०६ ने सुरू होणारा क्रमांक मॅ सॉतला वेळेत जन्मनोंद झालेल्या थाई नागरिकाचा. पहिला अंक ६ किंवा ७ असेल तर नागरिकत्व नाही: ६ म्हणजे तात्पुरत्या राहण्याची परवानगी असलेला, ७ म्हणजे अशांचं थायलंडमध्ये जन्मलेलं मूल. ० ने सुरू होणारे क्रमांक ज्यांचा दर्जाच ठरलेला नाही त्यांचे. डोंगरातल्या कारेन, म्हॉंग, लिसू, लाहू वस्त्यांत असे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने देशभरातल्या अशा सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांसाठी नागरिकत्वाची आणि कायम वास्तव्याची प्रक्रिया सोपी करायला मान्यता दिली. हा निर्णय मनापासून स्वागतार्ह आहे. पण अर्ज शेवटी आम्फोच्या खिडकीवर तपासला जातो, आणि डोंगरातल्या माणसाला त्या खिडकीपर्यंत यायलाच एक दिवस मोडतो.

तारखांचा सापळा वेगळाच. थाई कागदावर बौद्ध सन असतो: २५६८ म्हणजे २०२५, ५४३ वजा करायचे. पण १८८९ ते १९४० या काळात थाई वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेला सुरू व्हायचं. म्हणून त्या काळातल्या जानेवारी ते मार्चच्या तारखांतून ५४२ वजा करा, नाहीतर हुकूम एक वर्ष आधी निघाल्यासारखा दिसेल. जमीन 'राई'त मोजतात. एक राई १,६०० चौरस मीटर, म्हणजे आपले जवळपास सोळा गुंठे.

लोकसंख्येचा आकडा वापरताना तो फक्त घरनोंदणीच्या वहीतल्या माणसांचा असतो हे विसरू नका. मॅ सॉतच्या कापड गिरण्यांत, ऊस आणि मक्याच्या शेतांत राबणारे म्यानमारचे मजूर त्यात बव्हंशी नसतात. त्या आकड्यावर दवाखान्याच्या खाटा ठरवल्या की काय होतं ते मॅ सॉतच्या प्रसूतिगृहात दिसतं.

आता अशी सीमा सांगतो जी नकाशावर नाही. मॅ सॉतहून ताककडे निघालात की घाटाच्या पायथ्याशी हुआई हिन फोनचं नाकं लागतं. बस थांबते, शिपाई आत येतो, प्रत्येकाचं ओळखपत्र पाहतो. कारण मोईपलीकडून सीमापासावर आलेल्या माणसाला सीमाभागातच राहता येतं. २०१७ च्या परदेशी कामगारविषयक हुकुमाच्या कलम ६४ प्रमाणे मजूर पासावर येऊन ठरावीक मुदतीत काम करू शकतो, पण ठरलेल्या क्षेत्रातच. २०१५ मध्ये जाहीर झालेला ताकचा विशेष आर्थिक विभागही मॅ सॉत, फोप फ्रा आणि मॅ रमात या तीन तालुक्यांतल्या १४ तांबोनांचा, १,४१९ चौरस किलोमीटरचा. एकही तांबोन डोंगराच्या पूर्वेला नाही. म्हणजे परराष्ट्राची सीमा नदीवर, आणि राज्यकारभाराची खरी सीमा डोंगरावर. परदेशी पाहुण्याने मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. मोबाइलमधल्या फोटोवर या नाक्यावर भागत नाही.

निर्वासित छावण्याही याच पट्ट्यात: था सॉंग यांगमधली मॅ ला, फोप फ्रातली उम्पियेम माई, उम्फांगमधली नू फो. मॅ ला १९८४ पासूनची आणि सीमेवरच्या नऊ छावण्यांत सगळ्यांत मोठी. १०५ क्रमांकाच्या रस्त्यावरून जाताना चुनखडीच्या उभ्या कड्याखाली बांबू आणि पानांच्या छपरांची रांग किलोमीटर-दोन किलोमीटर संपतच नाही. थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून सरकारी कागदात 'छावणी' हा शब्द नसतो, 'लढाईतून पळून आलेल्यांचं तात्पुरतं आश्रयस्थान' असं असतं. छावणीचा प्रमुख आम्फोतलाच एक अधिकारी असतो. चाळीस वर्षं 'तात्पुरतं' राहिलेल्या या माणसांना बाहेर कायदेशीर काम करू द्यायला मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता दिली. ते फार आधी व्हायला हवं होतं.

पुलांचं गणित असं. पहिला पूल १९९७ चा, गावाजवळचा, माणसांचा आणि छोट्या गाड्यांचा. दुसरा ऑक्टोबर २०१९ पासून, मालट्रकचा. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, म्यानमारमध्ये उजवीकडून, त्यामुळे पुलाशी बाजू बदलावी लागते. घड्याळातही अर्ध्या तासाचा फरक आहे: थायलंड आपल्यापुढे दीड तास, म्यानमार एक तास. फाटक बंद व्हायची वेळ कोणत्या घड्याळाची ते विचारून घ्या. म्यानमारच्या अंगाला, पुलापलीकडच्या म्यावडी गावाहून कॉकरेकला जाणारा दॉना डोंगरातला जुना रस्ता इतका अरुंद होता की एक दिवस येणाऱ्या आणि एक दिवस जाणाऱ्या गाड्या सोडत. २०१५ मध्ये थायलंडच्या मदतीने नवा रस्ता झाला. मणिपूरमधल्या मोरेहहून मॅ सॉतपर्यंतचा सुमारे १,३६० किलोमीटरचा भारत-म्यानमार-थायलंड महामार्ग याच दारातून थायलंडला लागायचा आहे. पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर वाटेतल्या मोठ्या भागावर लढाई आहे. एप्रिल २०२४ मध्ये म्यावडीतला लष्करी तळ कारेन बंडखोरांच्या हाती गेला आणि दोनेक आठवड्यांत परिस्थिती पुन्हा फिरली. त्यामुळे या वाटेने गाडीने थायलंडला जाण्याचा बेत सध्या कोणी सांगत असेल तर तो मनावर घेऊ नका.

आणि सगळ्यांत गंभीर बाब. म्यावडीच्या दक्षिणेला मोईच्या अगदी काठावर केके पार्कसारखी ऑनलाइन फसवणुकीची आवारं उभी राहिली. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मॅ सॉतहून दोन दिवसांत परत आणलं. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. मोबाइलवर 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, चांगला पगार' अशी जाहिरात, घाईघाईची व्हिडिओ मुलाखत, तिकीट समोरच्याचं, प्रवेश पर्यटक म्हणून, बँकॉकच्या विमानतळावर घ्यायला गाडी. ती गाडी सात-आठ तास चालते. बँकॉकमधल्या नोकरीसाठी सात-आठ तासांचा प्रवास लागत नाही. रस्त्याच्या पाट्यांवर नखॉन सावन, मग कांफेंग फेत, मग ताक दिसू लागलं की गाडी मोईकडे चालली आहे हे समजा. ताक शहराचा फाटा आणि घाटातलं नाकं ही शेवटची ठिकाणं, जिथे थाई पोलिसांसमोर मोठ्याने बोलता येतं. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. नदीपलीकडे थाई कायदा चालत नाही, आणि तिथल्या सशस्त्र गटांपुढे म्यानमारचाही फारसा चालत नाही. निघण्याआधी कामाचा परवाना आणि नोकरीचा व्हिसा कोण काढतो आहे ते बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाकडून तपासून घ्या. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करता येत नाही, एवढं एक वाक्य घरातल्या पोरांना सांगितलं तरी पुष्कळ.

राहिलं उम्फांग, तिसरा पाणलोट. त्याचं पाणी कांचनबुरीला जातं, पण त्या बाजूने गाडीरस्ता नाही. पूर्वेच्या खलॉंग लानकडून सुरू केलेला रस्ता जंगलात अर्धवट राहिला, आणि तो तसाच राहावा, कारण ते रान वाघांचं आहे. जायचं तर मॅ सॉतहूनच, १०९० क्रमांकाच्या रस्त्याने: १६४ किलोमीटर, १,२१९ वळणं, किमान चार तास. फोप फ्राला टाकी भरून घ्या, सकाळी लवकर निघा, उम्पियेमच्या माथ्यावर धुकं असतं. थी लो सू धबधब्याकडचा जंगलातला शेवटचा रस्ता पावसाळ्यात गाड्यांना बंद असतो, नोव्हेंबरपासून पुढे सोयीचं. उम्फांग हे नाव 'उम्फा' या कारेन शब्दावरून आलं असं तिथे सांगतात. पलीकडून येणारे व्यापारी परवान्याचा कागद पावसात भिजू नये म्हणून बांबूच्या नळकांड्यात घालून आणत, आणि इथल्या ठाण्यावर ते नळकांडं उघडून कागदावर शिक्का घेत.